खुळे प्रश्न

पलटणीतला माणूस आमच्या खानापूर भागाला काही नवा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. पहाटे कॅम्पाच्या बाजूला गेलं की पळणाऱ्या रंगरूटांचे बूट ऐकू येतात. तरीसुद्धा सुट्टीवर आलेल्या शिपायाला आम्ही जे विचारतो ते ऐकून वाटावं, हा माणूस चंद्रावरून उतरलाय.

"बंदूक घरी आणू देत नाहीत व्हय?" "कॅन्टीनची बाटली कितीला पडते?" "काश्मिरात सफरचंदं फुकटच असतील की!" बायकांचे प्रश्न निराळे. एवढ्या माणसांच्या चपात्या कोण लाटतं? हवालदार मोठा की नाईक? ही शंका तर आमच्या घरात वडील हवालदार होऊन निवृत्त झाले तरी मिटली नव्हती. शेवटी त्यांनी भिंतीवर कोळशानं पट्ट्या काढून दाखवल्या : लान्स नाईकाला एक, नाईकाला दोन, हवालदाराला तीन. सारवण होईपर्यंत त्या तशाच होत्या.

आजीनं तर एकदा विचारलं होतं, "लढाईत जेवायला सुट्टी करतात काय रे?" आम्ही पोरं खो खो हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "सुट्टी नाही गं आई. लंगर मागं राहिला तर पिशवीतल्या पुऱ्या न् शक्करपारे. तेबी चालता चालता." आजी त्यानंतर दर दिवाळीला शंकरपाळ्यांचा एक डबा जास्त करायची आणि तो कुणासाठी ते सांगायची नाही.

असल्या प्रश्नांचा आप्पांना राग आलेला मी कधी पाहिला नाही. ज्यांचा राग यायचा ते प्रश्न वेगळे होते, आणि ते विचारणारी माणसं चांगली शिकलेली असायची. एक पाहुणे आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय हवालदारसाहेब, एकाहत्तरात किती उडवले?" आप्पा म्हणायचे, "मोजायला कारकून असतो हो," आणि म्हशीला वैरण घालायला निघून जायचे. दुसरे एक गृहस्थ खुर्चीत बसून ढाका आठ दिवस आधी कसा घेता आला असता ते सांगायचे. चहाच्या कपांचं मैदान करायचे, बशीची नदी. आप्पा "बरोबर आहे साहेब" एवढंच म्हणत ऐकायचे. त्या बैठकीत मान भरपूर होता, साहेब, नमस्कार, सगळं होतं. पण तिथं लढून आलेल्या माणसाला तासाभरात कुणी एक गोष्ट विचारली नाही. मी चहा द्यायला आत-बाहेर करत होते, म्हणून मला पक्कं आठवतं.

आप्पा १९७१ साली जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जमालपूरला होते. त्या लढाईतली एक गोष्ट बरीच सांगितली जाते. आपल्या फौजांनी नदी ओलांडून जमालपूरच्या पाठीमागचा ढाक्याचा रस्ता अडवला होता. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी धाडली, शरण या म्हणून. कर्नलचं उत्तर आलं ते नम्र भाषेत, सोबत कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. आमच्याकडं ही गोष्ट सांगितली की ऐकणारे त्या गोळीवर खूश. काय बाणेदार शत्रू, मग आपण कशी जिरवली, असं.

शेजारी एक कन्नड कुटुंब होतं. त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा आमच्याच ओट्यावर वाढला. आप्पांना अज्जा म्हणायचा. १९९८ ची गोष्ट. कुणीतरी आप्पांच्या देखत गोळीची गोष्ट रंगवून सांगत होतं, आणि हा पोरगा मध्येच म्हणाला, "अज्जा, चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस परत आला काय?"

सांगणाऱ्यानं त्याला गप्प केलं. "खुळ्यासारखं काय विचारतोस? गोष्ट कशाची चाललीय!"

आप्पांनी पोराला जवळ ओढलं. "आला, बाळा. मार खाऊन आला, पण आला." मग जरा थांबून म्हणाले, "मी त्याला पाहिलं नाही. पण त्या दिवशी खंदकात आम्ही सगळे हेच विचारत होतो. कर्नल काय लिहील त्याचं कुणाला पडलं नव्हतं. मुन्शी परतला काय, एवढंच."

मुक्तिवाहिनीचा जहुरुल हक मुन्शी तो. पांढरं निशाण घेऊन गेला होता. पुढं बांगलादेशानं त्याला वीरप्रतीक हा किताब दिला.

आम्हाला सत्तावीस वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी आप्पा बोलत राहिले, निम्मं मराठीत, निम्मं पलटणीच्या हिंदीत. १० डिसेंबरच्या रात्री आतले लोक अंधारात बाहेर पडले आणि यांनी धरलेल्या रस्त्यावरच आले. गोळीबाराबद्दल आप्पांनी दोनच वाक्यं सांगितली. सकाळचं मात्र पुष्कळ सांगितलं. मेलेल्यांच्या खिशांतली पत्रं गोळा करायचं काम यांच्या सेक्शनकडं होतं. "उर्दू आम्हाला वाचता येत नव्हती," ते म्हणाले, "ते एक बरं झालं." पोराला यातलं किती कळलं देव जाणे. त्याची आई कुंपणावरून दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा तीच येऊन ओट्याच्या कडेला बसली.

आप्पा २००६ साली गेले. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला की आप्पांच्या फोटोला नमस्कार करून जातो.

हल्ली नवा प्रश्न निघालाय. भावाचा नातू अग्निवीर आहे. आप्पांच्या वेळेला दोन महिन्यांची सुट्टी असायची, आजही नेहमीच्या भरतीच्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा आहे. अग्निवीराला सगळी मिळून ३०. त्यातले निम्मे दिवस पोर एकाच प्रश्नाला उत्तर देत फिरतं, "चार वर्षांनी काय?" चौघांत जास्तीत जास्त एकालाच पुढं ठेवून घेतात, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, पोरालाही. काळजी असते, नाही असं नाही. पण विचारताना माणसं त्याच्याकडं बघत नाहीत, त्याच्या बापाकडं बघतात.

गेल्या गणपतीला तो आला होता. ओटाभर माणसं, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा. वहिनी आतून ओरडल्या, "आधी त्याला जेवू द्या की वो!" तेवढ्यात पाचवीतली एक पोर पुढं सरकली. म्हणाली, "काका, रात्री पहाऱ्यावर असताना लघवीला लागली तर काय करता?"

तिच्या आईनं पाठीत धपाटा घातला. हा पठ्ठ्या मोकळा हसला, आल्यापासून पहिल्यांदा. "मारू नका मावशी," म्हणाला, "हे आम्हालाबी पहिल्या आठवड्यात उस्तादला विचारायचं धाडस झालं नव्हतं." आणि ताट बाजूला सरकवून सांगायला बसला.