उरलेला एक

रुआबांध्याच्या बाजारात पाव आणि सवा हे शब्द मराठी-हिंदी दोन्हींत सारखेच चालतात. म्हणून वडिलांनी पाठ करून घेतलेली पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मला भिलाईतही परकी झाली नाही. या पाढ्यांत सारे अर्ध्या-पावाने तुटते. तिसरा हिस्सा मात्र नाही. १६ आण्यांचे तीन वाटे केले, तर प्रत्येकी ५ आणि एक उरे. १९५७ साली दशमान नाणी आली. १०० पैशांतही प्रत्येकी ३३ जाऊन एकच उरला. वडिलांच्या मागे आम्हा तिघा भावंडांत वाटणीची बोलणी झाली, तेव्हा हे आठवले. कागदावर तिसरा हिस्सा सहज मांडता आला. उरलेल्या एकाविषयी मात्र कोणी बोलेना. आई उंबऱ्यापाशी बसली होती. तिला मी रुआबांध्याला घेऊन आलो.