नववी नायिका

‘नायिका’ या शब्दावर माझा फार दिवसांचा राग आहे. नायक म्हणजे पुढे नेणारा. तेव्हा नायिका म्हणजे पुढे नेणारी असायला हवी. व्याकरण तसेच सांगते. पण साहित्यशास्त्राने व्याकरणाचे ऐकले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून नायिकेचे आठ प्रकार चालत आले आहेत, आणि आठही प्रियकराच्या ठावठिकाण्यावरून ठरलेले! तो परगावी गेला की ती प्रोषितभर्तृका, संकेतस्थळी आलाच नाही की विप्रलब्धा, भांडून गेला की कलहांतरिता. स्वारी कोठे आहे हे कळल्यावाचून बाईसाहेबांचे नावच ठरत नाही!

वर्गात हे आठ प्रकार मी इमानेइतबारे शिकवते. मन मात्र ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन मालिकेतल्या तिघींकडे धावते. १९९५ ते २००१ या काळात चाललेल्या या मालिकेत एक अंतराळयान ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. भरधाव निघाले तरी घर गाठायला ७५ वर्षे लागावीत! यानाची कॅप्टन कॅथरिन जेनवे. ही भूमिका केट मुलग्रू हिची. परतीची वाट उघडणारे यंत्र पहिल्याच भागात समोर असते. पण ते शत्रूच्या हाती लागले तर एका दुबळ्या जमातीचा नाश होणार, म्हणून जेनवे ते उडवून देते. साऱ्यांचे घर दुरावते, तिचेही. घरी तिचा वाग्दत्त वर मार्क तिची कुत्री सांभाळत वाट पाहत असतो. विरहात झुरण्याचे काम येथे पुरुषाकडे आले! १९९८ सालच्या एका भागात त्याचे पत्र येते : आशा सोडली, दुसरीशी लग्न केले. जेनवेला दुःख होते; पण यान थांबत नाही.

दुसरी बेलाना टॉरेस, यंत्रविद्येत तरबेज आणि रागाने लालबुंद. भांडते ती प्रियकराशी नव्हे, सहकाऱ्याशी. त्याचे नाकच फोडते! जेनवे मात्र तिचा राग आणि तिची बुद्धी वेगळी तोलते आणि तिलाच मुख्य अभियंता नेमते.

तिसरी, ‘सेव्हन ऑफ नाईन’, येते १९९७ साली. सहा वर्षांची असताना बोर्ग नावाच्या यंत्रमानवी टोळीने तिला पळवून आपल्यात सामावून घेतलेले. ‘मी’ हा शब्दच ती विसरलेली, बोलणार ‘आम्ही’. जेनवे तिला सोडवते, माणूस करू पाहते. शुद्धीवर आल्यावर ती म्हणते, मला परत जायचे आहे. जेनवे नकार देते. मग ती विचारते ते असे : मला स्वतंत्र म्हणता आणि निवडू देत नाही, मग तुमच्यात नि बोर्गांत फरक काय?

हा प्रश्न मला अनेक दिवस छळत होता. मुलींना हात धरून उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या प्रत्येक आईला, प्रत्येक शिक्षिकेला तो कधीतरी ऐकावा लागतो. जेनवेपाशी त्याचे चोख उत्तर नाही. तरी ती निर्णय घेते, आणि पुढे वर्षानुवर्षे त्या मुलीचा राग, हट्ट, शंका सोसत तिच्याजवळ राहते. म्हणून तिघींत माझी लाडकी तीच.

शास्त्रकारांनी तिच्यासाठी खण ठेवलेला नाही. तूर्त मी तिला नुसती ‘नायिका’ म्हणते. व्याकरणात आहे त्या अर्थाने.