मांतिक्लोसचं मागणं

उंची जेमतेम वीस सेंटिमीटर. दोन्ही पाय गुडघ्यांशी तुटलेले, उजवा हात गेलेला, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. त्रिकोणी चेहरा, लांबलचक मान, खांद्यांवर रुळणाऱ्या बटा, कमरेला पट्टा. हा ब्राँझचा पुतळा ग्रीसमधल्या थीब्जचा, इसवीसनपूर्व 700 ते 675च्या सुमाराचा. आज तो बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात असतो.

त्याचा सगळा स्वभाव त्याच्या मांड्यांवर कोरलेला आहे. ती अक्षरं ‘मी’ म्हणून बोलतात. मांतिक्लोस नावाच्या माणसाने चंदेरी धनुष्याच्या अपोलोला मला वाहिलं, मिळकतीच्या दशांशातून वाहिलं, असं तो सांगतो. आणि तेवढ्यावर न थांबता थेट देवालाच म्हणतो, की आता तूही याला काही मनाजोगतं दे. मजकूर दोनच ओळींचा, पण होमरच्या महाकाव्यांच्या वृत्तात बांधलेला. ग्रीकांच्या हाती लिपी येऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ती नवी विद्या एका माणसाने देवाशी बोलायला वापरली, हे मला फार मोलाचं वाटतं.

या मागण्यात गयावया नाही. दशांश दिला म्हणजे आधी काहीतरी पदरात पडलं होतं. त्यातला दहावा हिस्सा देवाकडे गेला आणि पुढचं मागणं सुरू झालं. याला देवाशी केलेला सौदा म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. शेजारून आलेली वाटी आपण रिकामी परत पाठवत नाही, त्यात हिशेब असतो की जिव्हाळा? मांतिक्लोसने मागितलंय तेही किती मोघम! पीक, पोरं, विजय, कशाचंच नाव नाही. काय द्यायचं ते देवावर सोडलंय.

हा पुतळा नक्की कोणाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. डाव्या मुठीला भोक आहे. त्यात धनुष्य असेल तर हा खुद्द अपोलो. कपाळावरही छिद्रं आहेत. तिथे शिरस्त्राण बसवलेलं असेल तर कुणी योद्धा. माझ्या लेखी तो आधी निरोप्या आहे, मग देव किंवा वीर.

निरोप पोचवायची त्याची रीत मात्र विलक्षण. त्या काळी वाचायचं म्हणजे बहुधा मोठ्यानेच. त्यामुळे पुतळ्यासमोर उभा राहून जो कुणी ती अक्षरं वाचे, त्याच्या तोंडून मांतिक्लोसचं मागणं पुन्हा एकदा देवाच्या कानी जाई. मांतिक्लोस मागेच घरी गेलेला असे, पुढे कधीतरी तो मेलाही. पुतळ्याला मात्र दर वाचकागणिक नवा गळा मिळत राहिला.

देवाला वाहिलेली वस्तू देवाचीच, असा त्या लोकांचा नेम होता. देवळात दाटी झाली की जुने पुतळे आवारातच खड्डा करून पुरत. भूमध्य समुद्राभोवती अशा खड्ड्यांतून कितीतरी मूर्ती वर आल्या आहेत, आणि बहुतेकींवर एक अक्षरही नाही. कुणी वाहिल्या, कशासाठी वाहिल्या, ते त्यांना सांगता येत नाही. याला येतं.

बॉस्टनला गेलात तर भव्य संगमरवरी मूर्तींकडे वळण्याआधी याच्यापाशी थांबा आणि मांतिक्लोसचं नाव मोठ्याने घ्या. त्याने ते त्यासाठीच कोरून घेतलं होतं.