अतिभार

जळगावच्या आमच्या डाळ मिलसाठी स्वतःचा एक ट्रक असावा, असे मुलाच्या मनात बरेच दिवस होते. तूरडाळ वाशीच्या बाजारात पाठवताना भाड्यातच नफ्याचा मोठा भाग जातो. नव्या गाडीचे हप्ते झेपणारे नव्हते, म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या मिस्त्रींना घेऊन आम्ही दोघे जुनी गाडी पाहण्यासाठी धुळ्यास गेलो.

दोन दहा चाकी गाड्या उभ्या होत्या. दोन्हींची नोंदणी 2016 ची. आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, असे मिस्त्रींनी आदल्या दिवशीच कळवले होते. थंड इंजिन कसे उठते, यावरून त्याची प्रकृती कळते. पहिली गाडी नव्या रंगाने चकाकत होती. पण मिस्त्रींनी बॉनेटखाली हात लावला, तर इंजिन कोमट. गाडी चालू केल्यावर निळसर धूर निघत राहिला, म्हणजे ऑइल जळत होते. चेसिसला मागे वेल्डिंग होते, कमानींना जादा पाटे घातलेले होते आणि बाजूच्या फळ्या फूटभर उंच केलेल्या होत्या.

विक्रेता अभिमानाने म्हणाला, ‘‘शेठ, ही वीस टन सहज ओढते.’’

मुलाने लगेच हिशेब मांडला. ‘‘पप्पा, तीनशेऐवजी चारशे पोती जातील. चार खेपांचे काम तीन खेपांत होईल.’’

मी आर.सी. पुढे केली. मालासह एकूण वजनाची मर्यादा 25 टन. गाडीचे स्वतःचे वजन साडेनऊ टनांच्या आसपास. पन्नास किलोची तीनशे पोती म्हणजे 15 टन. त्यापुढे फारशी जागा नाही. 2019 च्या सुधारित कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, हेही सांगितले. पण मला खरे सांगायचे होते ते दंडाचे नव्हते.

वीस वर्षांपूर्वी एका खेपेचे भाडे वाचावे म्हणून मी चाळीस पोती जास्त चढवली. कसारा घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापले, ब्रेक लागेनासे झाले. चालकाने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचला, उजवा पाय कायमचा अधू झाला. कागदोपत्री कारण ‘ब्रेक निकामी’ असे लिहिले गेले. पोत्यांविषयी मला कोणीही विचारले नाही.

अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. लहानपणी प्रतिक्रमणात ते ऐकताना डोळ्यांसमोर गाडीचा बैल येई. त्या रात्रीनंतर तेथे माणूस दिसू लागला.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘‘म्हणजे, आपल्या फाटकावरचे काका?’’ त्यांचे लंगडणे तो लहानपणापासून पाहत आला होता. कारण आज कळले.

आम्ही दुसरी, फिकट रंगाची गाडी निवडली. किंमत थोडी जास्त होती, पण इंजिन थंड असूनही चटकन उठले आणि सुरुवातीचा धूर लगेच निवळला. चेसिस क्रमांक आर.सी.शी ताडून पाहिला. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35, कर, विमा, बाकी चलने आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी लागणारे फिटनेस प्रमाणपत्र तपासले. माल भरून लळिंग घाट चढवला. तापमानाचा काटा स्थिर राहिला. मगच बयाणा दिला.

पहिल्या खेपेला मुलाने स्वतः उभे राहून तीनशे पोती मोजली. हमाल म्हणाला, ‘‘अजून वीस बसतील, भाऊ.’’ मुलाने मान हलवून नकार दिला आणि ताडपत्री बांधायला सांगितली.

काकांनी फाटक उघडले.