बर्फाचे नक्षत्र

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नवे काय शिकावे, याबद्दल आपल्याकडे काही ठाम समजुती आहेत. त्याने पेटी शिकावी, योगासने शिकावीत, फार तर पोहायला शिकावे. पण पायांना दोन लांबलचक पट्ट्या बांधून हिमालयाच्या उतारावरून घसरायला शिकावे, असे कुणी सुचवणार नाही. मला ते सुचवले माझ्या एका जुन्या मित्राने. तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधीपासून तो मला ‘मास्तर’ म्हणत आला आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. “मास्तर, रजा टाक. गुलमर्गला स्की करायला जायचंय.”

आता शब्द समोर आला की त्याचे मूळ शोधायचे, ही आमच्या धंद्याची खोड. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेतला. लाकूड फाडून काढलेली फळी, हा त्याचा मूळ अर्थ. नॉर्वेचे लोक मात्र त्याचा उच्चार जवळजवळ ‘शी’ असा करतात. ही माहिती मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. सौभाग्यवती माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, “उच्चार अगदी योग्य आहे.”

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही श्रीनगरला उतरलो. तेथून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. सफरचंदांच्या निष्पर्ण बागा, पानांवाचून झाडूसारखे उभे असलेले सफेदे, फिरनच्या आत कांगडी घेऊन चाललेली माणसे, असे पाहत टंगमर्ग येते. येथून खरा चढ. बर्फ फार असला की गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. चाकांना साखळ्या बांधून गाडी पुढे जाते, हे पाहून इंजिनिअर म्हणाला, “आपल्या खात्यात साखळ्या बांधल्या की सगळं जागीच थांबतं.”

गुलमर्ग पीर पंजाल रांगेत, सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून अधिक. उन्हाळ्यात हे फुलांचे कुरण. नावाचा अर्थही तोच. हिवाळ्यात फक्त पांढरा रंग आणि देवदारांची काळपट हिरवी किनार. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब काढला. १९६८ मध्ये सरकारने स्कीचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. आकाशपाळण्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २००५ मध्ये. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवट शिखराच्या अंगावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. याच टंगमर्गच्या परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. आमच्या पंक्तीत बसणाऱ्यांना तो क्रमांक मोठा वाटणार नाही. पण त्या उतारावर एकदा उभे राहून पाहावे, म्हणजे कळते.

आम्ही उभे राहिलो ते अगदी बालवर्गाच्या उतारावर. आमचा शिक्षक तिशीतला, खालच्या एका खेड्यातला. पहिला धडा पडण्याचा: बाजूला पडावे, मागे पडू नये, हात पुढे ठेवावेत. या धड्यात मी पहिल्याच दिवशी विशेष प्रावीण्य मिळवले. शेजारी सात-आठ वर्षांची काश्मिरी पोरे आम्हांला वळसा घालून सुसाट जात होती. त्यांतली एक मुलगी थांबून, माझी काठी उचलून माझ्या हातात देऊन गेली. वर्गात खडू उचलून देणाऱ्या विद्यार्थिनीचीच मुद्रा!

दुसरा धडा थांबण्याचा. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. मागची टोके जितकी फाकतील तितका वेग कमी. वळायचे तर त्याहून गंमत. डावीकडे जायचे असेल तर उजव्या पायावर भार द्यायचा. राजकारणातल्या माणसाला हे चटकन जमावे. मुलांना शिकवताना या आकृतीला हल्ली पिझ्झा म्हणतात, पण तिचे जुने इंग्रजी नाव आहे बर्फाचा नांगर. ते ऐकताच इंजिनिअर हसला. तो माणदेशातला, शेतकऱ्याचा मुलगा. “नांगर म्हणतोस? मग जमेल.” आणि खरोखर त्याला माझ्याआधी जमले.

दुपारी आम्ही नून चाय घेत बसलो. गुलाबी रंगाचा, खारट चहा. पहिल्या घोटाला वाटते, कुणीतरी साखरेचा डबा चुकला. तिसऱ्या घोटाला सवय होते. शिक्षक हिवाळ्याचा हिशेब सांगू लागला. काश्मीरचा हिवाळा सत्तर दिवसांचा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ल-ए-कलान, पुढचे वीस चिल्ल-ए-खुर्द आणि शेवटचे दहा चिल्ल-ए-बच्चा. ‘चिल्ला’ म्हणजे फारसीतले चाळीस. आपल्या चाळीसचाच दूरचा भाऊबंद. ‘खुर्द’ तर आपल्या वेशीवरचा शब्द. खुर्द आणि बुद्रुक गावांमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला धाकटा हिवाळा समजावून सांगावा लागत नाही.

“थोरला चाळिसाचा या वर्षी कोरडा गेला,” शिक्षक म्हणाला. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होते. पर्यटक आरक्षणे रद्द करीत होते. घरगाडी ओढणारे, पट्ट्या भाड्याने देणारे, घोडेवाले, सगळे रिकामे बसले होते. बर्फ आला तो महिना सरता सरता. मी म्हणालो, “पण आता तर भरपूर आहे.” त्यावर त्याने कपातला चहा ढवळला आणि सांगितले, “सर, चिल्ल-ए-कलानचा बर्फ म्हणजे बँकेत ठेवलेला पैसा. थंडीत तो घट्ट होतो, टिकतो. फेब्रुवारीतला बर्फ म्हणजे खिशातला पैसा. ऊन आलं की खर्च.”

इंजिनिअर त्यानंतर बराच वेळ बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर खिडकी नाहीशी झालेली. नुसते पांढरे. आकाशपाळणा बंद, उतार बंद, रस्ता बंद. हॉटेलच्या दिवाणखान्यात माकडटोप्या घातलेली मंडळी शेगडीभोवती जमली. “पैसे भरलेत हो आम्ही!” “आज वरती जायचं होतं.” “हवामान खात्याला काही कळत नाही.” तक्रारी आपल्याकडच्या लांबलेल्या गाडीसारख्या एकामागून एक येत होत्या.

इतक्यात आमचा शिक्षक गुडघाभर बर्फातून चालत आला. आज शिकवणी नाही, एवढेच सांगायला. म्हणजे त्याची दिवसाची मजुरीही नाही. निरोप देऊन तो पडवीच्या पायरीवर उभा राहिला, टोपी काढली, तळहात पुढे केला आणि वर पाहत राहिला. भुवयांवर बर्फ साचत होता, तो झटकायचेही त्याला भान नव्हते.

इंजिनिअर माझ्या कानाशी म्हणाला, “मास्तर, आमचे आबा असेच उभे राहायचे अंगणात. पहिल्या पावसाला. आई ओरडायची, आत या, भिजाल. ते म्हणायचे, भिजू दे.”

मग त्याने एक इंजिनिअरी केली. स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा मागून आणला, पडवीबाहेर ठेवला आणि भरल्यावर शेगडीजवळ आणून वितळवला. डबाभर बर्फाचे पाणी जेमतेम बोटभर, तळाशी. मंडळी हसली. तो हसला नाही. “ताजा बर्फ असाच असतो. दहा बोटं बर्फ, तर बोटभर पाणी,” तो म्हणाला. “पण हे पाणी पडल्या पडल्या धावत सुटत नाही. डोंगरावर थांबतं. उन्हाळ्यात थोडं थोडं उतरतं, झऱ्यांना मिळतं, भातशेतीला मिळतं. ना भिंत, ना दरवाजे, ना विस्थापित. मी आयुष्यभर धरणांवर काम केलं मास्तर, असं धरण मला बांधता येणार नाही.”

शिक्षकाला मी हे हिंदीत सांगितले. त्याने मान डोलावली. काश्मिरीत झऱ्याला ‘नाग’ म्हणतात, म्हणून वेरीनाग, कोकरनाग, अनंतनाग. झेलम वेरीनागला उगम पावते. “बर्फ नसला तर नाग नाही,” तो म्हणाला. “स्कीवाले पुढच्या वर्षी येतील. सफरचंदाचं झाड पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.”

त्या दिवशी आम्ही स्की केली नाही. त्याच्याबरोबर पडवीतला बर्फ फावड्याने ओढला, आणि संध्याकाळी त्याच्या कांगडीवर हात शेकत त्याच्या बागेतल्या झाडांची मोजदाद ऐकली. पुढचे दोन दिवस ऊन पडले. बालवर्गाचा उतार मी एकदाही न पडता उतरलो. इंजिनिअरने टाळ्या वाजवल्या. मला मात्र खाली उतरताना पायाखालचा बर्फ कुणाच्या तरी शिवारातला वाटत होता. त्यावरून जपून जावे असा.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, गुलमर्गला ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. वर्तमानपत्रात ती बातमी चार ओळींची होती, खेळांच्या पानावर. इंजिनिअरला ती आधीच ठाऊक होती. कारण डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की तो गुलमर्गला फोन लावतो आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारतो, “गिरा क्या?”

आणि या जूनमध्ये मृग लागला, त्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून ओळखीचा आवाज आला. “सर, इंजिनिअरसाब का फोन नहीं लग रहा. उनके गाँव में बारिश गिरी क्या?”