चौथा भाग

जेवणापूर्वी ताटाला हात जोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या नमस्कारात अन्न शिजविणाऱ्या हातांवरचा विश्वासही असतो. घरी तो विश्वास सहज ठेवता येतो. आजी सुपातल्या तांदळांतील खडे निवडते, आई पीठ चाळते, पाणी गाळते. सारे आपल्या डोळ्यांदेखत चालते. पण बाजारातला पेढा कोणत्या परातीत वळला गेला, हे आपणांस कसे दिसावे? म्हणून समाजाने आपल्या वतीने पाहणारा एक माणूस नेमला आहे. तो म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी.

आमच्या तालुक्याच्या गावी अशी एक तपासणी मी जवळून पाहिली. दिवाळी चार दिवसांवर आली होती. अधिकारी मिठाईच्या दुकानात शिरताच बाहेर बघ्यांची गर्दी जमली. आता मोठी खडाजंगी होणार, अशी त्यांची अपेक्षा! तसे काहीच घडले नाही. अधिकाऱ्यांनी भिंतीवरचा परवाना वाचला. मग पाण्याची टाकी, भांडी पुसण्याचे फडके, कारागिरांची नखे यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. "शेटजी, हे फडके बदला आणि बर्फी झाकून ठेवा," एवढेच ते म्हणाले.

शेवटी त्यांनी तपासणीसाठी खवा घेतला आणि त्याची किंमत रीतसर मोजून दिली! भेसळीला आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९५४ साली झाला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घेतली. नमुन्याचे पैसे द्यावेत, अशी या अधिनियमाचीच आज्ञा आहे.

खव्याचे चार भाग करून ते मोहरबंद झाले. त्यांवर दुकानदाराची सही झाली. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा मात्र, दुकानदाराने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविला जातो. या चौथ्या भागाने माझे मन जिंकले. खाणाऱ्याचे वाईट अन्नापासून रक्षण व्हावे, तसे विकणाऱ्याचे खोट्या आळापासूनही व्हावे, हा त्यातला न्याय आहे. खव्यात पिठाची भेसळ असेल, तर आयोडीनच्या थेंबाने तो निळा होतो. त्या थेंबाला ना कोणी शत्रू, ना कोणी मित्र.

तथापि, अधिकारी एखाद्या दिवशी येतो. दुकान रोज उघडते. उरलेल्या दिवसांची स्वच्छता दुकानदाराच्या मनावर आणि गिऱ्हाइकाच्या नजरेवर अवलंबून असते. माशा बसलेली जिलबी जो मुकाट्याने विकत घेतो, तो माशांनाच आमंत्रण देतो. म्हणून मुलांनो, उद्या बर्फाचा गोळा घेताना, "काका, हा बर्फ कोणत्या पाण्याचा?" असे नम्रपणे अवश्य विचारा. प्रामाणिक विक्रेत्याला त्या प्रश्नाचा राग येणार नाही.