पाच तुळशी

आमच्या घरी पाच तुळशी आहेत, असे आमची ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. एक गॅलरीतल्या कुंडीत. बाकीच्या चार खाली, जनरेटरच्या खोलीमागे, लोखंडी झाकणांखाली. पहिलीला ती पाणी घालते, उरलेल्यांना मी. वैशाखात सकाळी बादली घेऊन जिना उतरू लागलो की शेजारच्या आजी हटकून विचारतात, "निघालात का पूजेला?" मी नुसता हसतो. त्या झाकणांखाली अर्थिंगचे खड्डे आहेत, हे त्यांनाही ठाऊक आहे. ते खड्डे माझ्या एका सहीचे प्रायश्चित्त आहेत, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

जुहूला आमच्या सोसायटीने जनरेटर घेतला तेव्हा मी कमिटीवर होतो. विजेच्या धंद्यात जन्म गेलेला मी एकटाच. खर्चाची यादी वाचता वाचता खजिनदार म्हणाले, "हे चार खड्डे आणि तांब्याच्या पट्ट्या कशाला? मशीन तर चालते आहे!" मी "अहो, पण" एवढे म्हणालो. रात्रीचे दहा वाजले होते, सगळ्यांना घरी जायचे होते. खड्डे यादीतून गेले आणि खाली माझी सही झाली.

काय गेले ते सांगतो. यंत्रात तारेची तीन वेटोळी असतात. तिन्हींची एकेक टोके एकत्र बांधली की झाली तारा, म्हणजे स्टार. ती गाठ म्हणजे न्यूट्रल. एकाचे शेवट दुसऱ्याच्या आरंभाला असे फेर धरल्यासारखे जोडले की झाला त्रिकोण, म्हणजे डेल्टा. त्यात गाठच नाही. रस्त्याच्या कडेचा ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टच्या बाजूला त्रिकोण असतो आणि घरांच्या बाजूला तारा. घराला गाठ हवीच: फेज आणि गाठ यांत दिव्याला 230 व्होल्ट मिळतात, दोन फेजांत पंपाला 400. पलीकडच्या त्रिकोणाला मात्र चौथी तार लागत नाही. एखाद्या घरच्या गिझरचा भार तिथल्या दोन तारा मिळून उचलतात, आणि आमच्याकडची तार जमिनीला लागली तर त्या भानगडीचा जमिनीतून जाणारा प्रवाह त्रिकोणापलीकडे जात नाही. एकत्र कुटुंबाची रीत म्हणा ना! तारेची गाठ ट्रान्सफॉर्मरपाशीच भुईला बांधलेली असते. पण इमारत जनरेटरवर गेली की चारही तारा रस्त्यापासून सुटतात. जनरेटरलाही त्याची गाठ होती. ती भुईला बांधलेली नव्हती, इतकेच.

2019 ची दिवाळी. गच्चीच्या कठड्यावरून दिव्यांची माळ सोडलेली. कठडा विजरोधकाच्या पट्टीला जोडलेला, म्हणजे थेट जमिनीला. संध्याकाळी रस्त्यात कुठेतरी केबल गेली, जनरेटर सुरू झाला. वाऱ्याने माळेची तार कठड्यावर घासून उघडी पडली आणि लोखंडाला चिकटली. गाठ भुईला असती तर त्याच क्षणी ब्रेकर पडला असता. इथे काहीच झाले नाही. दिवे लखलखत राहिले, मुले फुलबाज्या उडवत राहिली. फक्त एक फेज भुईच्या पातळीवर आली, आणि त्या बदल्यात जिला आपण बिनधोक समजतो ती न्यूट्रल 230 व्होल्टवर जाऊन बसली.

जिन्यातला एक दिवा लागेना म्हणून आमचा वायरमन पोरगा लोखंडी शिडीवर चढला. टेस्टर एका तारेला लावला, तो पेटला नाही; म्हणून तीच न्यूट्रल समजला. दुसऱ्या तारेला पेटला. "काका, तारा उलट्या जोडल्यात कुणी," असे खाली वाकून म्हणाला आणि पुन्हा वर वळताना त्याचा हात तिलाच लागला. फेकला गेला म्हणून वाचला. मनगट मोडले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्याच्या टेस्टरचा अर्थ लावत होतो. तारा सरळच होत्या. उलटे झाले होते ते माझ्या सहीने.

त्यानंतरच्या सभेत मी अर्धा तास बोललो. खजिनदारांनीच खोदायला माणसे आणली. न्यूट्रलला दोन स्वतंत्र खड्डे, मशीनच्या अंगाला दोन स्वतंत्र. नियमच तसा आहे. जुहूची वाळू वर अगदी कोरडी, विजेला दाद न देणारी. पण पुरुषभर खाली गेलो आणि खारे पाणी पाझरू लागले. कोळसा टाकला, मिठाचे पोते उघडले तेव्हा मुकादम म्हणाला, "साहेब, समुद्राला मीठ घालताय?" खरे होते. खारे पाणी वीज झटकन नेते, पण लोखंडही तितक्याच झटकन खाते. म्हणून पत्रे तांब्याचे घातले. मीटरने दीड ओहम दाखवला. कठड्याची पट्टीही याच भुईला जोडली.

खजिनदार चौकस माणूस. "मग मोठ्या केंद्रातही असेच खड्डे?" त्यांनी विचारले. खड्डे असतातच, पण गाठ वेगळी. आपल्या उपनगरांसाठी 1995 साली सुरू झालेले डहाणूचे केंद्र घ्या. दोन यंत्रे, प्रत्येकी 250 मेगावॅटची. एवढ्या यंत्राची गाठ भुईला थेट बांधत नाहीत. आत एखादी तार लोखंडाला लागली तर प्रचंड प्रवाहाने पत्र्यांचा गाभाच वितळेल आणि दुरुस्तीला महिने जातील. म्हणून मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर आणि रोधक घालून प्रवाह पाचदहा अँपिअरवर आवरतात, रिलेला कळण्यापुरता. शेजारच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा त्रिकोण यंत्राकडे, आणि तारा 220 किलोव्होल्टच्या लाइनीकडे. तिची गाठ मात्र थेट भुईला. खजिनदार जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कुठे घट्ट, कुठे सैल, पण बांधायची सगळीकडेच." माझ्या अर्ध्या तासाचे त्यांनी एका ओळीत केले, आणि मला थोडा रागही आला.

तो पोरगा दर दिवाळीला येतो. मनगट थंडीत दुखते म्हणतो. माळ सोडण्याआधी जनरेटर सुरू करायला लावतो, न्यूट्रलला टेस्टर लावून पाहतो आणि मग वरून हाक मारतो, "काका, खड्ड्यात पाणी घातलंत ना?"